टिचकी न मारता उघडलेली लिंक

२० ऑगस्ट

बस उशिरा. सौंसरहून निघताना कंडक्टर म्हणाला, "मॅडम, आज टायमावर पोचवतो," तेव्हाच समजायला हवं होतं. पांढुर्ण्याला पोचले तर रुपालीने क्लास उघडून पहिला तास सुरूही केलेला. मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. माझ्यापेक्षा बरं शिकवते ती. पोरं तिला घाबरत नाहीत, म्हणून विचारतात.

नव्या बॅचच्या कॉम्प्युटरांवर टिचकी, आम्ही दोघींनी बनवलेला छोटा प्रोग्राम, टाकून दिली. आधीच्या बॅचचे हाल आठवले. कोडमध्ये कुठे लिंक लिहिलेली असली की पोरं ती माउसने खरवडून काढायची, ब्राउजरमध्ये नेऊन चिकटवायची, शेवटचा पूर्णविराम सोबत जायचा आणि 'पान सापडले नाही'. आता कोड लिहायच्या एडिटरमध्येच लिंकवर एक टिचकी, बाजूला पान हजर. पूर्णविराम, कंस आपोआप गळतात. ही गाळणी रु.च्या, रुपालीच्या डोक्यातली. 'टिचकी' हे नाव तेवढं मी ठेवलेलं. इंटरनेटवर टिचकीचं पान आहे, कुणीही उतरवून घ्यावी, त्यावर दोघींची नावं आहेत, माझं वर.

२२ ऑगस्ट

ब्राझीलमधल्या कुणाचं पत्र! टिचकी रोज वापरतो म्हणे. एकच मागणी आहे: लांबलचक लिंकच्या जागी त्या पानाचं नाव दिसलं तर? ओळभर गिचमीड अक्षरांऐवजी सरळ 'कापूस बाजारभाव' किंवा असंच काही.

मला आनंद मावेना. रु.ला वाचून दाखवलं. तिने नाक मुरडलं.

"नाव दाखवाचं म्हणजे टिचकीले ते पान पहिले उघडा लागन, मॅडम. माणसाच्या मांगं मांगं."

"मग काय झालं? नावच तर वाचून यायचं."

"लिंक माणसानं उघडली पाह्यजे. आपण काहून उघडावं?"

म्हटलं, तिशी गाठली नाहीस अन् आजेसासूसारखी बोलतेस. हसली. विषय तिथेच राहिला.

२५ ऑगस्ट

रविवार. सुधीर सकाळपासून बागेत, संत्र्याला फळगळ लागली आहे. घर रिकामं. बसले आणि करून टाकलं. आता फाईल उघडली की टिचकी तिच्यातल्या सगळ्या लिंका मागच्या मागे उघडून येते आणि पानाचं नाव आणून ठेवते. चाललं! पहिल्या झटक्यात नाही, पण चाललं.

किती महिन्यांनी स्वतःच्या हाताने काही बनवलं. हल्ली सगळं रु. करते आणि मी 'छान' म्हणते.

ही सोय पहिल्यापासून चालूच ठेवली. नको असेल त्याने बंद करावी. रु. म्हणाली असती, आधी बंद ठेवा, हवी त्याने चालू करावी. तिला विचारलं नाही.

२७ ऑगस्ट

चहाच्या वेळी रु. म्हणाली, "मॅडम, एक सांगाचं होतं," आणि कपात बघत राहिली. मला वाटलं लग्न.

लग्न नाही. बेंगळुरूची कंपनी. दोन फेऱ्या झाल्या आहेत, आता शेवटची मुलाखत, व्हिडिओवर. तिच्या गावी, तिगावला, रेंज येते-जाते म्हणून ती क्लासमध्ये बसून देणार. टिचकी पाहूनच त्यांनी तिला विचारलं.

मी म्हणाले, "अरे वा." माझं मलाच ते बेसूर लागलं.

"दोन फेऱ्या झाल्यावर सांगतेस?"

"पहिले सांगतलं असतं अन् नाई झालं असतं, तर तुमाले वाईट वाटलं असतं."

वाईट कसलं. झालं नसतं तर मला बरं वाटलं असतं. इथे लिहून टाकते. इथे कोण वाचतंय.

२९ ऑगस्ट

दिवसभर खेकसत होते. पंखा का चालू ठेवला, प्रिंटरमध्ये कागद का नाही. रु.ने पंखा बंद केला, कागद घातले. घरी सुधीरला सगळं सांगितलं, म्हणजे माझ्या बाजूने सांगितलं. क्लास कसा चालेल, नागपूरच्या लोकांची वेबसाइटची कामं कोण करेल, टिचकीचं काय.

सुधीर जेवता जेवता म्हणाला, "अवं, कलम तयार झालं का वाफ्यातून काढाच लागते. तिथंच ठेवलं तर ना तुले फळ, ना त्याले."

बागाईतदाराशी लग्न केलं की प्रत्येक वादात झाड येतंच.

३० ऑगस्ट

मुलाखत ३ सप्टेंबरला. आणि ३ तारखेला गोटमार! दोघींच्याही डोक्यातून गेलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात काय उघडं असतं? आमची गल्ली तर सरळ नदीकडेच उतरते. सकाळपासून पोलीस बांबू आडवे लावतात. इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, मध्ये नदीत पळसाचं झाड, त्यावर झेंडा, आणि तो मिळवायला दिवसभर एकमेकांवर दगड.

रु.ने कंपनीला लिहिलं: स्थानिक सण, रस्ते बंद, कृपया दुसरी तारीख द्यावी. मी म्हटलं, दगडांचं स्पष्ट लिही, खरं ते खरं.

"मॅडम, दगडाचं लिहिलं तर ते मले ठेवतीन का कामावर?"

खूप हसलो. कालचं सगळं थोडं धुऊन निघालं.

३ सप्टेंबर

घरीच. सुधीरचा मावसभाऊ पांढुर्ण्याहून फोनवर नदी दाखवत होता. झेंडा कुणी नेला, किती जण पट्ट्या बांधून परत गेले, सगळं खेळाच्या सामन्यासारखं. क्लासच्या शटरला एक दगड लागला, पोचा आला आहे.

४ सप्टेंबर

कंपनीचं उत्तर आलं. नवी तारीख १२. पत्रात खाली दोन लिंका. एक, 'मी येत आहे'. दुसरी, 'माझी आता इच्छा नाही, अर्ज मागे घेते'. आणि त्याखाली ठळक अक्षरांत: तारीख पुन्हा बदलून मिळणार नाही.

रु.ने माझ्यासमोरच फोनवर पहिली लिंक दाबली. मग अख्खं पत्र तिच्या 'काम' नावाच्या फाईलमध्ये उतरवून ठेवलं. सगळंच तिथे ठेवते ती, नागपूरवाल्यांच्या तक्रारींपासून आईच्या चष्म्याच्या नंबरापर्यंत. एडिटर सोडून तिला जग नाही.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. पोरांकडून पेन, एक गुलाब, आणि जामसांवलीच्या मारुतीच्या पेढ्यांचा पुडा. रु.ला पण गुलाब दिला त्यांनी. लाजली.

टिचकीची नवी आवृत्ती आज सगळ्या कॉम्प्युटरांवर चढवली, रु.च्या पण. तिने एकदा पडद्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

"केलंच का मग?"

"लोक मागतात, रुपाली."

तिची 'काम' फाईल उघडली. लिंकांच्या जागी नावं येऊ लागली, एकेक करून. कंपनीच्या पत्रातल्या दोन्ही लिंकांवर 'धन्यवाद' उमटलं.

"दोघीवर धन्यवादच लिहून राहिलं," रु. म्हणाली.

"सभ्य कंपनी दिसते."

"हाव ना. नाई म्हणणाऱ्यालेही धन्यवाद." हसली. मीही.

८ सप्टेंबर

रविवार असून पांढुर्ण्याला गेले. रु.ला तालीम हवी होती. मी बेंगळुरूवाली झाले, चष्मा नाकावर घेऊन प्रश्न विचारले. एका प्रश्नाचं उत्तर मलाच ठाऊक नव्हतं, इंटरनेटवरून उतरवून आणला होता. तिने दिलं. बरोबर की चूक, मला कळलं नाही, मी मान डोलावली.

परत येताना बसमध्ये वाटलं, जाऊ दे. हिला जाऊ द्यायलाच हवं. खरंच वाटलं. निदान मोहगावपर्यंत तरी.

११ सप्टेंबर

महालक्ष्म्या. सोळा भाज्या, पुरण, आंबील, नणंदा, त्यांची पोरं. कंबर गेली. उद्या विसर्जन, क्लासला जाणं शक्य नाही. रु.ला फोन केला.

"तुमी नसल्या तरी चालते, मॅडम. मी दार लावून घेईन."

बरं वाटलं आणि लागलंही.

१२ सप्टेंबर

दुपारी फोन. "मॅडम, कोणी आलंच नाई."

वेळेआधी बसली होती. निळा कुर्ता घालून. पडद्यावर 'प्रतीक्षा करा'. करत राहिली. होकार दिल्यावर आलेली मुलाखतीची लिंक पुन्हा उघडली, नेट तपासलं, फोनचं नेट लावून पाहिलं. शेवटी त्यांना मेल टाकून शटर ओढलं.

म्हटलं, त्यांच्याकडेच काही गोंधळ असेल. मोठ्या कंपन्या अशाच.

१३ सप्टेंबर

उत्तर आलं. रु.ने फोन माझ्यापुढे धरला, स्वतः खिडकीबाहेर बघत उभी. 'आपण ५ सप्टेंबर रोजी अर्ज मागे घेतला असल्याची आमच्याकडे नोंद आहे. पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा.'

"मी नाई घेतला, मॅडम. मी कायले घेईन?"

आता जे लिहिते आहे ते लिहायला नको वाटतं. मी विचारलं, घरी फोन कुठे असतो तुझा? म्हणाली, चार्जिंगला, ओसरीत. मी विचारलं, नितीनला पासवर्ड माहीत आहे? नितीन तिचा भाऊ, संत्र्याच्या गाड्या भरायला जातो. तोच म्हणाला होता ना, इतक्या दूर कशाला जायचं म्हणून?

रु.चा चेहरा बदलला तो मी पाहिला. मी एवढंच म्हणाले, "बघ बाई, मला काय माहीत."

१६ सप्टेंबर

रु. आली नाही. फोनवर आवाज बसलेला. घरी रण झालं. नितीनने आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, तरी हिने मानलं नाही. तो जेवणाच्या ताटावरून उठला तो मित्राकडे राहायला गेला. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, साधा माणूस. ते स्टेशनवर जाऊन बसतात.

म्हटलं, होईल सगळं ठीक. फोन ठेवल्यावर पोरांना दोन तास एकटीने शिकवलं. आवाज चढला. पोरं एकमेकांकडे बघत होती.

१९ सप्टेंबर

आज कळलं.

सकाळी टिचकीच्या पेटीत एक तक्रार. कुठल्याशा देशातला माणूस, चिडलेला. त्याने आलेल्या पत्रांच्या लिंका एका फाईलमध्ये साठवल्या होत्या. त्यात 'मला यापुढे पत्रं पाठवू नका' वाल्याही होत्या. नवी टिचकी लावून फाईल उघडली, आणि सगळ्यांनी त्याला आपापल्या यादीतून काढून टाकलं. त्याने काहीच दाबलं नव्हतं. टिचकीच नाव वाचायला म्हणून आत गेली, आणि त्या लिंका अशा की आत पाऊल टाकलं की काम झालं.

वाचून आधी हसू आलं. मग रु.ची 'काम' फाईल आठवली.

५ तारीख. दोन धन्यवाद. पहिलं, येते म्हटल्याबद्दल. दुसरं, माघार घेतल्याबद्दल. आमच्या डोळ्यांदेखत टिचकी दोन्ही दारांतून जाऊन आली आणि आम्ही हसलो.

रु.ने नाही केलं. नितीनने नाही. तिने सांगितलं होतं, लिंक माणसाने उघडली पाहिजे. मी तिला आजेसासू म्हटलं.

ती सोय लगेच बंद करून नवी आवृत्ती सोडली. मग खुर्चीत बसून राहिले. पोरांना सुट्टी दिली. तिला फोन लावला आणि ती उचलायच्या आत कापला. हे फोनवर सांगायचं नाही. नितीनसमोर सांगायला हवं.

२० सप्टेंबर

तिगाव. पॅसेंजरने गेले. रु.चे बाबा स्टेशनच्या बाकावरच भेटले. जय भीम केला, काही न विचारता माझी पिशवी घेतली आणि पुढे चालू लागले. त्यांना म्हटलं, नितीनला बोलावता का. माझ्याकडे एकदा पाहून त्यांनी वाटेतूनच कुणाला तरी पाठवलं.

नितीन आला, पण आत नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा. रु. चुलीपाशी पाठ करून. आईने चहा ठेवला.

मी सगळं सांगितलं. कसं सांगितलं देव जाणे. टिचकी काय, लिंक काय, त्या मायमाउलीला काय कळणार. शेवटी म्हटलं, "मी बनवलेल्या वस्तूनं हिच्या नावानं कंपनीला नकार कळवला. हिला कळलं नाही, मलाही कळलं नाही. नितीनचा काही संबंध नव्हता. आणि त्याचं नाव हिच्या डोक्यात मी घातलं."

शेवटचं वाक्य बोलताना नितीनकडे पाहू शकले नाही.

आई म्हणाली, "म्हणजे मशिनीनं केलं?"

"मशिनीनं केलं, माई. मशीन मी सोडली."

नितीन म्हणाला, "मॅडम, तुमी शिकवणाऱ्या. तुमी म्हणलं म्हणून हिनं मानलं. मी माह्या मायच्या डोक्यावर हात ठेवला, ते नाई मानलं." आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं.

रु. अजूनही पाठमोरी. मग वळली.

"तुमाले मी जायाले नको होती. नाई का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. 'काहीतरीच काय' हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"हो. नको होती. पण हे मी मुद्दाम केलं नाही, रुपाली."

"मले मालूम हाये. केलं नाई तुमी." चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, "पण मी नको म्हणलं होतं. तुमाले ते ऐकूच गेलं नाई."

चहा प्यायले. आईने आग्रह केला म्हणून प्यायले. परतीच्या गाडीला बाबा सोडायला आले, गाडी हलेपर्यंत उभे होते.

२१ सप्टेंबर

शनिवार. जामसांवलीला जाणाऱ्यांनी बस गच्च. सुधीर म्हणाला, तूही उतरून मारुतीला नारळ फोडून ये. काय सांगू मारुतीला? तो तरी रामाने सांगितलेल्या कामावर गेला होता, माझी टिचकी न सांगताच.

कंपनीला पत्र लिहिलं. चार वेळा लिहून चार वेळा खोडलं, त्या चारहींत मीच हुशार दिसत होते. शेवटी साधं: चूक माझी, उमेदवाराची नाही, काय आणि कसं घडलं ते असं, कृपया तिला पुन्हा बोलवावं. तक्रारवाल्या माणसाचं पत्रही जोडलं. रु.ला प्रत पाठवली. तिचं उत्तर, 'ठीक आहे.'

२४ सप्टेंबर

कंपनीकडून. अतिशय नम्र. आमचं स्पष्टीकरण त्यांना पटलं, एवढंच नव्हे तर 'रोचक' वाटलं. जागा मात्र भरली. पुढे कधी निघाली तर अवश्य कळवतील.

रोचक!

२६ सप्टेंबर

नावं आणणारं सगळं कोड काढून टाकलं. नुसतं बंद ठेवायचं नव्हतं, मुळासकट. माझ्या रविवारचं काम, पुसायला चहा गार व्हायच्या आत झालं. वापरणाऱ्यांची माफी मागणारी टीप टाकली. ब्राझीलवाल्याने लिहिलं, वाईट वाटलं, सोय सुंदर होती.

सुंदर होतीच. तेच तर.

३० सप्टेंबर

रु. परत आली. नितीनने मोटारसायकलवर सोडलं. मी पायरीवर होते. त्याने मान वळवली नाही, पण तिची पिशवी उतरवून हातात दिली. म्हणजे घरी राहायला आला असावा. विचारायची हिंमत नाही.

तिने पोरांना शिकवलं, नागपूरचं अडलेलं काम पुरं केलं. प्रत्येक गोष्ट मला विचारून. "मॅडम, हे सोडू का?" "मॅडम, हे पाठवू का?" आधी कधी विचारत नव्हती, सरळ करायची. मी खेकसायची की मला सांगत जा. आता सांगते. नको झालं आहे.

चहा तिने पोरांसोबत घेतला.

७ ऑक्टोबर

पहिल्यांदा कामाव्यतिरिक्त बोलली. म्हणजे कामाचंच, पण स्वतःहून. टिचकीच्या पानावर सगळ्यात वर एक ओळ हवी म्हणाली: टिचकी स्वतःहून कोणतीही लिंक उघडत नाही, उघडणार नाही.

म्हटलं, लिही. आणि नावंही बदल, तुझं वर घे.

"नाव राहू द्या, मॅडम. ओळ मी लिहीन." लिहिली. चांगली लिहिली. माझं नाव अजून वरच आहे. मी स्वतः बदलू शकते, पण तिने नको म्हटलेलं आता करायचं नाही असं ठरवलं आहे. मग हेही त्यात आलं की नाही, कळत नाही.

१२ ऑक्टोबर

दसरा. आपट्याची पानं वाटून हात हिरवे. रु. घरच्यांसोबत नागपूरला, दीक्षाभूमीला. शुभेच्छा पाठवल्या. तासाभराने उत्तर, 'जय भीम मॅडम', सोबत फोटो. गर्दीत ती आणि नितीन, त्याच्या खांद्यावर तिची ओढणी वाळत टाकलेली. दोघंही उन्हाने डोळे बारीक करून हसताहेत.

सुधीरला दाखवला. म्हणाला, "झालं ना मग? आता तू काहून रडून राहिली?"

१५ ऑक्टोबर

चहाच्या वेळी रु. माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हैदराबादची एक कंपनी आहे. मुलाखत झाली, मागच्याच आठवड्यात, तिगावच्या स्टेशनवर बसून दिली. तिथे बरी रेंज येते म्हणे एका बाकावर. क्लासमध्ये का नाही दिली, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

"आधी जिथं काम केलं तिथल्या माणसाचं नाव मांगत होते. तुमचं देलं." मग माझ्याकडे बघून, "दुसऱ्या कोणाचं देऊ?"

मी म्हणाले, "बरं केलंस." यावेळी बेसूर झालं नाही बहुतेक. चहा मात्र माझ्याजवळच प्यायली, उभ्यानेच.

१६ ऑक्टोबर

हैदराबादचं पत्र आलं. आत एक लिंक, रुपालीबद्दल माझं मत लिहायची. मुदत शुक्रवारपर्यंत. फाईलमध्ये वगैरे उतरवली नाही. पत्रातूनच, स्वतःच्या बोटाने उघडली.

प्रश्न साधेच. काम कसं आहे, वागणं कसं, अडचण आली तर काय करते. लिहिलं. खोटं एक अक्षर नाही, वाढवून नाही, कमी करून तर नाहीच. अडचणीच्या प्रश्नात लिहिलं की धोका तिला आधी दिसतो आणि ती स्पष्ट सांगते, तिचं ऐकत जा. शेवटचा प्रश्न: पुन्हा संधी मिळाली तर तुम्ही या व्यक्तीला सोबत कामाला घ्याल का?

हो, लिहिलं. हो शिवाय आणखीही लिहिलं होतं, ते खोडलं. त्यांना त्याच्याशी काय करायचं.

सगळं भरून झालं आहे. दुपारचे तीन. पलीकडच्या खोलीत रु. शिकवते आहे, मध्येच पोरं हसतात. पाठवायचं बटण तेवढं राहिलं. एकदा दोनदा बाण त्याच्यावर नेला. मग पंखा बघितला, प्रिंटरमध्ये कागद घातले, हे लिहायला बसले.

उद्या सकाळी दाबते. आज दाबलं असतं तरी चाललं असतं.